पाच नकार

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

डॉक्टरांनी आज तिसऱ्यांदा तेच सांगितलं. खोकला औषधाने जायचा नाही, जागा बदला. आईला वाटलं घर बदलायला सांगतायत. करंजाडेच्या धुळीला नावं ठेवायची तिला सवयच आहे, त्यामुळे ती खूशही झाली. डॉक्टर म्हणाले, "घर नाही हो, हिची नोकरी." मग ती फाइल गोळा करून उठली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्यांना काय जातंय सांगायला."

तळोज्याच्या या कंपनीत मला सात वर्षं झाली. कापडाच्या रंगाला लागणारी रसायनं बनतात, आणि ती नीट बनलीत का हे आमची लॅब तपासते. काम मला चांगलं येतं. पण वासाची सवय काही झाली नाही, आणि यंदा पावसाळ्यापासून दोन मजले चढले की धाप लागते. वय एकतीस. घरात आई आणि मी, कमावणारी एकटी मी.

तेव्हा आज ठरवलं, दुसरी नोकरी शोधायची आणि कंपनीत कुणाला वाराही लागू द्यायचा नाही. रुचिराचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती बाहेर शोधतेय हे एचआरला कळलं. तिला काढून टाकलं असतं तरी परवडलं असतं. तिचा कॉम्प्युटर घेतला, काम घेतलं, आणि अडीच महिने नुसतं खुर्चीवर बसवून ठेवलं. शेवटी ती आपणहून गेली, तर अनुभवाच्या पत्रासाठी आठ महिने खेटे घालायला लावले. त्या अडीच महिन्यांत लॅबमधलं कुणी तिच्याशी धड बोललं नाही. मीसुद्धा नाही.

आईलाही सांगणार नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून ही वही. कपाटात माझ्या जुन्या पुस्तकांमागे ठेवीन, तिकडे ती फिरकत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

बुधवारीच नोकरीच्या साइटवर माहिती भरली. आपल्या कंपनीला दिसू नये अशी सोय असते, ती केली. मग आठवलं की आमची माणसं शोधायचं काम बाहेरची एजन्सी करते. तिचं नाव मला माहीत नाही. अर्धा तास नुसती बसून राहिले, आणि तसंच ठेवलं.

दुसरा घोळ फोनचा. प्लांटमध्ये मोबाइल चालत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बोलावणारे नेमके अकरा ते पाचमध्ये फोन करतात. काल जेवणाच्या सुट्टीत दोनदा गेटपर्यंत धावत गेले. स्टोअरच्या भावेशने पाहिलं. हा इथल्याच गावचा, आम्हाला काचसामान आणि रसायनं तोच देतो. फार बोलत नाही. म्हणाला, "काय मॅडम, घरी कोन आजारी हाय का?" मी म्हटलं नाही. तर म्हणे, "कुनाचा अर्जंट फोन असल तर स्टोअरचा नंबर द्या. मी येऊन सांगन." भला माणूस आहे, पण कंपनीच्या नंबरावर कंपनी सोडायचे फोन कसे घेणार?

११ डिसेंबर, बुधवार

महाप्याला पहिला इंटरव्ह्यू, दुपारी तीनला. अर्धी रजा टाकली होती, "वैयक्तिक काम" म्हणून. पण डोकं असं की चांगला ड्रेस घालूनच कंपनीच्या बसमध्ये बसले. निळा, इस्त्रीचा, वर कानातले. लॅबमध्ये पाऊल टाकताच शबनम म्हणाली, "माशाल्ला! आज काय खास?" शबनम माझ्या शेजारच्या टेबलावर असते, पनवेलचीच आहे, मनाने सोन्यासारखी आणि आवाजाने लाउडस्पीकर. सगळ्या माना वळल्या. आत काचेपलीकडे आमचे लॅबप्रमुख प्रभाकर सर बसले होते, त्यांनीही चष्म्यावरून बघितलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "बघायला येणार आहेत."

पुढचं काही मला बोलावंच लागलं नाही. शबनमने माझी टेस्टिंग स्वतःकडे ओढून घेतली, सरांनी बाराऐवजी साडेअकरालाच जा म्हटलं. सात वर्षांत इतक्या सहज रजा मिळाली नव्हती.

इंटरव्ह्यू बरा झाला. मध्ये खोकला आला. त्यांनी पाणी दिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

१४ डिसेंबर, शनिवार

महाप्याहून नकार. दोन ओळींची मेल. गेटवर उभ्या उभ्या वाचली, आणि तोंड पाडूनच आत गेले असणार. शबनमने विचारलं, "त्यांचं काही कळलं?" मी मान हलवली. तिने मला जवळ घेतलं. "मायूस होऊ नको गं. त्यांचंच नसीब खोटं." आणि मला खरंच रडू आलं. कारण खोटं होतं, पण रडणं माझंच होतं, आणि कुणीतरी पाठीवरून हात फिरवला ते बरं वाटलं.

दुपारी भावेश बीकर द्यायला आला. रजिस्टरवर माझी सही घेता घेता म्हणाला, "मुलगा काय करनारा होता?" मी म्हटलं, इंजिनियर. "मंग नाय बोलले ते बराच झाला," म्हणाला, आणि का ते न सांगता गेला.

२० डिसेंबर, शुक्रवार

काल पाताळगंगेला गेले. लॅबच्या हिशेबाने बघायला आले होते, दुसरे. तिथल्या बाईंनी विचारलं, आत्ताची जागा का सोडताय? तब्येतीमुळे सोडतेय म्हटलं तर आजारी मुलगी कोण घेईल. वाढीसाठी, शिकण्यासाठी, असं काहीबाही बोलले. माझंच बोलणं ऐकून मला कंटाळा आला.

आज भावेशने अडुळशाची पानं आणून दिली, कागदात बांधून. त्यांच्या बांधावर झाड आहे म्हणे. काढा कसा करायचा तेही आपल्या आईला विचारून आला होता. स्टोअरवाल्यांना या दिवसांत वेळ बरा असतो.

२८ डिसेंबर, शनिवार

पाताळगंगेचा नकार. खोपोलीच्या एका ठिकाणचाही; तिथे सोमवारी अर्धी रजा टाकून गेले होते, त्यांनी तर फोनवरच कटवलं. लॅबमध्ये दोन्ही सांगितले. सांगायला नको होते, पण दोन अर्ध्या रजांचा हिशोब लागायला हवा ना. आता मी तीन नकारांची मुलगी आहे. कॅन्टीनमध्ये मला चहा आधी मिळतो.

दमले आहे. दिवसभर एक नोकरी, घरी येऊन दुसरीचे अर्ज. आई म्हणते, जरा माणसांत बस. माणसांतूनच येते गं.

६ जानेवारी २०२५, सोमवार

रबाळ्याला गेले होते, औषधांच्या कंपनीत. लॅब पाहिली. खिडक्या उघड्या, आणि कसलाही वास नाही. मला तिथेच एखाद्या स्टुलावर बसून राहावंसं वाटलं. साहेब तरुण होते, कामाचंच बोलले. दुसऱ्या फेरीला बोलावू म्हणाले.

निघताना इकडे रजा मागायला गेले होते तेव्हा प्रभाकर सर विचित्र बघत होते. "आजसुद्धा?" म्हणाले. मी म्हटलं, हो सर, मुलाला नंतर सुट्टी नाही. "बरं बरं," म्हणून त्यांनी सही केली. त्यांना शंका आली असेल का? पण कुणाला बोलल्याचं दिसत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज भावेशच्या गावी पोपटी होती, सगळ्या लॅबला बोलावलं होतं. दर वर्षी स्टोअरचीच माणसं असतात, यंदा आम्हालाही आमंत्रण. मी जाणार नव्हते. शबनम घरी येऊन घेऊन गेली.

शेतात जाळात मडकं लावलेलं, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी. कोंबडी हलालची नाही म्हणून शबनमसाठी नुसत्या शेंगांचं मडकं वेगळं लावलं होतं, ते भावेशच्या ध्यानात राहिलं होतं. धुराने मला खोकला येईल म्हणून त्याने आमची सतरंजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकली होती. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

त्याची आई माझ्याजवळच येऊन बसली. बायकांना चौकशा फार. "घरान कोन कोन हाय गो?" "जवला खातस ना?" "नोकरी लग्नानंतर बी करशील का?" मी सगळ्याला हो हो म्हटलं. तिने आणखी शेंगा वाढल्या, आपल्या हाताने सोलून दिल्या. मग म्हणाली, "माघ लागला का आमी भावेशचा बघनार हाव. पौषान काय बोलायचा नस्ता." मी म्हटलं, छान, चांगली मुलगी मिळू दे. तर ती माझ्याकडे बघत हसली आणि म्हणाली, "आन तुजा? कुठं ठरला का नाय अजून?"

शबनम बाजूलाच बसली होती, कान टवकारून. आणि मला शुक्रवारी रबाळ्याच्या दुसऱ्या फेरीला जायचंय, अख्खी रजा लागणार. म्हटलं, आत्ताच पेरून ठेवावं. "एका ठिकाणी जवळजवळ ठरलंच आहे, मावशी. शुक्रवारी पुन्हा भेटायचंय."

"पौषान?" म्हणाली. "शिकलेली मानसा काय पालत नाय." आणि उठून मडक्याकडे गेली. शबनमने मला मिठीच मारली. सगळ्यांना ओरडून सांगितलं.

येताना भावेश रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही. पाहुणे बरेच होते.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरी फेरी झाली. कळवू म्हणाले. हे "कळवू" आता ऐकवत नाही.

मध्ये फोनवर आणखी दोन ठिकाणचे नकार येऊन गेले, तेही शबनमच्या खोदून विचारण्याने बाहेर पडले. एकूण पाच. ती म्हणते, शेवटचं पक्कं होणार, इन्शाल्ला.

भावेश हल्ली सामान स्वतः आणत नाही, हेल्परच्या हाती पाठवतो. काम वाढलं असेल. दोनदा चुकीचं ॲसिड आलं, मी चिठ्ठी लिहून परत पाठवलं. त्यावर त्याने नुसती सही करून दिली.

२६ जानेवारी, रविवार

व्हायचं ते झालं. आई पनवेलच्या उरण नाक्यावर मासे घ्यायला गेली आणि तिथे शबनम भेटली. शबनमने भर बाजारात तिचे हात धरून धीर दिला. पाच नकार पचवले मुलीने, काकी, पण सहावा हिरा निघेल.

आई घरी आली, बोंबलांची पिशवी ओट्यावर ठेवली, आणि म्हणाली, "पाच? वधूवर मंडळात तीन वर्षं नाव घालून मला एक धड सापडेना, तुला पाच कुठून मिळाले?"

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? सांगून टाकलं सगळं. तिचा आधी विश्वास बसेना, मग खूप चिडली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आणि लग्नाच्या नावाने असलं खोटं? तोंडातून निघालेलं कधी खरं होतं, कळतं का तुला?" मी म्हटलं, मग शबनमला सांगितलंस का? तर म्हणे, "मी कशाला सांगू? मान हलवली. पोटच्या पोरीला बाजारात उघडी पाडू?"

बोंबील साफ करता करता पुन्हा एकदा म्हणाली, "त्यातला एक तरी खरा असता." तिच्या आवाजावरून वाटलं ती रडत होती. मी तिच्याकडे गेले नाही. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रबाळ्याचं पत्र आलं! घेतलं मला. पगार थोडा जास्त, पण ते जाऊ दे. त्या खिडक्या!

एकच अट. दहा मार्चपर्यंत रुजू व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावू. आणि आमच्याकडे नोटीस तीन महिन्यांची. एकालाही एक दिवस कमी करत नाहीत. अपवाद फक्त मुलीच्या लग्नाचा. जुन्या मालकांपासूनची पद्धत आहे, लग्न ठरलेल्या मुलीला महिन्यात मोकळं करतात, वर साडी देतात.

आई म्हणाली, खरं सांग, काय व्हायचं ते होईल. म्हणायला सोपं आहे. रुचिराची खुर्ची अजून त्याच कोपऱ्यात आहे. मी तीन महिने तिच्यावर बसले तर रबाळं गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राजीनामा दिला. "कौटुंबिक कारण" एवढंच लिहिलं. मुद्दाम खोटं लिहायला हात धजला नाही.

प्रभाकर सरांनी दार लावून घेतलं. कागद वाचला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी रिटायर होतोय मी. तीन मुलींची लग्नं केली. पौषात दोनदा मुलगी बघायला येणारं घर मला काही भेटलं नाही." ते पुढे म्हणाले, "मी काही विचारत नाही. तू काही सांगू नकोस. तुझा खोकला मला या काचेतून ऐकू येतो." आणि माझ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "विवाहानिमित्त. सात मार्चला मुक्त करावे."

बाहेर येऊन बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन महिने मी या माणसाला घाबरत होते. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चाललं असतं का? कुणास ठाऊक. तेव्हा धीर झाला नसता.

शबनमने लॅबभर साखर वाटली. "नाव काय त्यांचं?" विचारत होती. मी लाजल्यासारखं केलं. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भावेश महिन्याभराने स्वतः लॅबमध्ये आला. नवीन शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. काल त्याचा साखरपुडा झाला. मुलगी उरणजवळच्या करंजाची आहे, कोमल, बँकेत असते. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही केलं.

माझ्या टेबलाशी आला तेव्हा म्हणाला, "तुमचा ठरला. मंग आय बोलली, आता थांबायचा कशाला." मी म्हटलं, "बरं केलंत, चांगल्या गोष्टीला उशीर कशाला." त्याने आणखी एक पेढा ठेवला, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. हा इतके दिवस कशासाठी थांबला होता? मोठ्या बहिणीचं व्हायचं असेल.

पेढा चांगला होता, पण मला गेला नाही. तोंडाची चवच गेलीय या खोकल्याने. दिवसभर कसंतरीच वाटत होतं. कामं हातावेगळी करायची आहेत, त्याचा ताण असेल.

७ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. साडी मिळाली, मोरपिशी. शबनमने मेंदीचे कोन दिले आणि लग्नाची तारीख कळव म्हणून शपथ घातली. तिला पत्र लिहून सगळं खरं सांगायचं ठरवलंय. रागावेल, आणि मग माफ करेल, असं वाटतं.

स्टोअरमध्ये सामान जमा केल्याची सही घ्यायला मी मुद्दाम शेवटी गेले. भावेश एकटाच होता. का कोण जाणे, वाटलं, निघता निघता या माणसाशी तरी खोटं राहू नये. याच्या पोटातलं कधी ओठावर येत नाही. सांगितलं. लग्न नाही, नोकरी आहे. रबाळ्याला. त्या सगळ्या रजा इंटरव्ह्यूच्या.

तो रजिस्टर उघडं टाकून उभा राहिला. "म्हंजे तो मुलगा?"

"मुलगाच नव्हता. एकही नव्हता."

"पोपटीला आमच्या आयला सांगितला, तवा बी?"

"तेव्हाही. शुक्रवारची रजा हवी होती मला."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. मग म्हणाला, "आदी सांगायचा ना, मॅडम."

"कुणालाच सांगितलं नव्हतं हो. आईलासुद्धा."

"मी कोनाला सांगनार होतो?" एवढंच म्हणाला. आवाज चढला नव्हता. सही केली, तारीख घातली, माझी पिशवी उचलून बसपर्यंत आणून दिली, आणि बस सुटायच्या आत परत आत गेला.

मला वाटलं, विश्वास ठेवला नाही म्हणून त्याला लागलं. मनात त्याला उत्तरं देत बसले. की एखाद्याला सांगितलं की सगळ्यांना होतं, की माझं सगळं पणाला लागलं होतं. कळंबोलीच्या सिग्नलला बस खूप वेळ थांबली. तिथे मला कळलं तो काय म्हणत होता.

ड्रायव्हर काळूरामने करंजाडेला बस थांबवली, दोनदा हाक मारली, "मॅडम, उतरायचा नाय का?" मी हाताने पुढे चला म्हटलं. पुढे माझा स्टॉप नव्हता. पार शेवटी बस रिकामी झाली तिथे उतरले आणि साडीची पिशवी घेऊन चालत घरी आले, मध्ये तीनदा थांबून. आईने विचारलं, इतका उशीर का. म्हटलं, डोळा लागला होता.